डी चॅनेलचं ऐकत ऐकत: एका आयएसडीएन जोडणीचा अनुभव

शाखा कार्यालय आणि मुख्य कार्यालय यांच्यात डेटाची ये-जा दिवसातून थोडाच वेळ व्हायची. सकाळी आदल्या दिवशीच्या नोंदी वर जायच्या, दुपारी दरपत्रकं खाली यायची, मधूनमधून ईमेल. एवढ्यासाठी चोवीस तास चालू राहणारी लीज्ड लाइन घेण्यात अर्थ नव्हता, आणि साध्या मोडेमवर मोठी फाइल अर्ध्यात तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशा कामाला आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनच्याच तारेवरची डिजिटल सेवा, हाच सर्वांत नेटका मार्ग होता. गरज पडली की राउटर स्वतः नंबर फिरवतो, एक-दोन सेकंदांत जोडणी होते, काम संपलं की कॉल तुटतो. ही जोडणी उभी करण्याचं काम माझ्याकडे आलं. शाखेत एक बीआरआय, म्हणजे आयएसडीएनची छोटी लाइन, आणि तिच्यावर राउटर. त्याच लाइनवर हिशेब विभागातल्या संगणकासाठी एक टर्मिनल अडॅप्टर (संगणकाला आयएसडीएनशी जोडणारा डबा), कारण त्या संगणकाला अधूनमधून वेगळ्याच एका सर्व्हरला डायल करावं लागे. अडॅप्टरच्या मागे साध्या फोनसाठी जो पोर्ट असतो, त्यावर फॅक्स मशीन. मुख्य कार्यालयात पीआरआय, म्हणजे पुष्कळ चॅनेलची मोठी लाइन, आणि मोठा राउटर आधीपासून चालू होता.

बीआरआय म्हणजे प्रत्येकी ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनेल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनेल. बी चॅनेलवरून आपला डेटा किंवा आवाज जातो. डी चॅनेलवर टेलिफोन एक्सचेंज आणि आपलं उपकरण एकमेकांशी बोलत असतात: कॉल कोणाला आहे, कशा प्रकारचा आहे, कुठल्या बी चॅनेलवर घ्यायचा, आणि तुटला तर का तुटला. हे सगळं बोलणं राउटरच्या कन्सोलवर ओळीनं वाचता येतं. मोडेमचा कॉल लागला नाही की शिट्ट्या ऐकून अंदाज बांधावा लागायचा. इथे एक्सचेंज कारणाचा क्रमांक हातात देतं. म्हणून या कामात मी एक क्रम धरला आणि तो सोडला नाही. पहिला थर, म्हणजे तारेवरचा संकेत, जागा झाल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही, दुसरा, म्हणजे एक्सचेंजशी ओळख, पक्का झाल्याशिवाय कॉल लावायचा नाही, आणि कॉल लागून टिकल्याशिवाय नावं-पासवर्ड यांना हात लावायचा नाही. आयएसडीएन बेभरवशाची आहे असं म्हणणारे बरेच लोक मला भेटले. त्यांतले बहुतेक हा क्रम उलटा धरायचे, म्हणजे आधी कॉन्फिगरेशन बदलून बघायचे आणि मग तार तपासायचे.

एक्सचेंजपासून येते ती तांब्याची नेहमीचीच दोन तारांची जोडी. तिला यू इंटरफेस म्हणतात. तिच्यावरचा संकेत मात्र वेगळा असतो. २बी१क्यू पद्धतीत व्होल्टेजच्या चार पातळ्यांपैकी एकेक पातळी दोन-दोन बिट वाहते, आणि सेकंदाला ८०,००० चिन्हांनी १६० केबीपीएस जातात. चांगल्या तारेवर साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत हे चालतं. ही जोडी एनटी१ नावाच्या डब्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूनं चार तारांचा एस/टी बस बाहेर पडतो, ज्यावर आपली उपकरणं जोडायची. राउटर विकत घेताना त्याचा पोर्ट यू आहे की एस/टी, हे आधी पाहावं लागतं. उत्तर अमेरिकेत एनटी१ ग्राहकाचा मानला जायचा, म्हणून तिथे एनटी१ आतच बसवलेले, यू पोर्टचे राउटर मिळत. बाकी बहुतेक ठिकाणी एनटी१ टेलिफोन कंपनी द्यायची आणि राउटर एस/टीचा लागायचा. दोन्हींची सॉकेट्स दिसायला सारखीच असतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय काही घुसवू नये.

आमचा एनटी१ बसवला तेव्हा त्याचा लाइनचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, स्थिर होईना. मी यू जोडी एनटी१मधून काढली आणि तिला साधा फोन लावला. कानावर स्वच्छ डायल टोन आला. आयएसडीएनच्या जोडीवर डायल टोन असतच नाही. तो येतोय याचा अर्थ ही जोडी एक्सचेंजमध्ये अजून साध्या लाइनच्या कार्डवरच होती. तक्रार नोंदवताना मी हेच वाक्य सांगितलं, "जोडीवर डायल टोन येतोय," आणि पलीकडच्या माणसाला पुढे काही विचारावं लागलं नाही. एक्सचेंजमधला जम्पर (जोडतार) बदलला आणि दिवा स्थिर झाला. डायल टोन नाही आणि तरीही दिवा लागत नाही, असं असेल तर लांबच्या लाइनवर लोडिंग कॉइल राहिली आहे का, हे विचारायला हवं. आवाज लांबवर स्पष्ट जावा म्हणून त्या कॉइल बसवलेल्या असतात आणि आवाजाच्या पट्ट्यापलीकडच्या सगळ्या कंप्रता त्या अडवतात. २बी१क्यू त्यांतून जाऊच शकत नाही.

एनटी१ जागा झाल्यावर राउटर जोडला. ‘शो आयएसडीएन स्टेटस’ ही पहिली आज्ञा. तिच्यात पहिला थर ‘अॅक्टिव्ह’ दिसला. दुसऱ्या थराखाली मात्र काहीच नाही. तिथे ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसायला हवं होतं. अशा वेळी पहिला संशय स्विच टाइपवर, म्हणजे एक्सचेंजची बोली कुठली हे राउटरला सांगणाऱ्या नोंदीवर, घ्यायचा. युरो-आयएसडीएनसाठी ‘बेसिक-नेट३’, उत्तर अमेरिकेत ‘नॅशनल’, ‘५ईएसएस’ किंवा ‘डीएमएस-१००’, जपानमध्ये ‘एनटीटी’. इथे एक बारकावा आहे. एक्सचेंज कुठल्या बनावटीचं आहे याला महत्त्व नाही, त्यावर कुठलं सॉफ्टवेअर चालू आहे ते विचारायचं. ५ईएसएस बनावटीच्या एक्सचेंजवर नॅशनल आयएसडीएन चालू असू शकतं. उत्तर अमेरिकेत सहसा वर स्पिड क्रमांकही (उपकरण ओळखायला टेलिफोन कंपनीनं दिलेले) भरावे लागत; युरो-आयएसडीएनमध्ये ते नसतात. आमचा टाइप नेट३ होता आणि राउटरमध्येही तोच होता. जुन्या राउटरवर टाइप बदलला की रीलोड केल्याशिवाय तो लागू होत नाही, म्हणून तेही करून घेतलं. दुसरा थर तरीही मुका.

मग क्यू९२१चा, म्हणजे दुसऱ्या थराच्या संदेशांचा, डीबग लावला. राउटर दर दोन सेकंदांनी एक विनंती पाठवत होता: ‘आयडीरेक’, एक यादृच्छिक संदर्भ क्रमांक आणि पुढे १२७. म्हणजे, मला एक टीईआय द्या, कुठलाही चालेल. टीईआय हा बसवरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता. ० ते ६३ हाताने ठरवायचे, ६४ ते १२६ एक्सचेंजनं वाटायचे, १२७ सगळ्यांसाठीचा. विनंती जात होती आणि पलीकडून उत्तर शून्य. आता तार बरोबर, टाइप बरोबर, विनंती बरोबर, आणि एक्सचेंज गप्प. याचा एकच सरळ अर्थ मला लागला. ही लाइन पॉइंट-टू-पॉइंट म्हणून दिलेली आहे. पीबीएक्ससाठी (कार्यालयातल्या अंतर्गत एक्सचेंजसाठी) अशा लाइन द्यायचे. त्यांवर एकच उपकरण असतं, त्याचा टीईआय कायमचा ० असतो आणि एक्सचेंज वाटप करायच्या भानगडीत पडत नाही. खात्री करायला राउटरवर टीईआय ० असा पक्का लिहिला. लगेच ‘सॅबमी’ (जोडणीची विनंती) गेलं, ‘यूए’ (होकार) परत आलं, दुसरा थर उभा राहिला. राउटर एकटाच असता तर मी तिथेच थांबले असते. पण आम्हाला अडॅप्टरही लावायचा होता, आणि पॉइंट-टू-पॉइंट लाइनवर दोन उपकरणं नांदत नाहीत. म्हणून लाइन पॉइंट-टू-मल्टिपॉइंट करून घेतली आणि पक्का टीईआय काढून टाकला. आता विनंती गेली तशी ‘आयडीअसाइन’ आली, ६४ क्रमांक मिळाला, आणि मग दर दहा सेकंदांनी ‘आरआर’ची एकमेकांना ओळख दाखवणं सुरू झालं. कन्सोलवर ते शांतपणे येत-जात राहिलं की मला फार बरं वाटतं.

अडॅप्टर जोडला आणि घडी विस्कटली. अडॅप्टर लावला की थोड्याच वेळात राउटरचा पहिला थर ‘डीअॅक्टिव्हेटेड’, मग ‘अॅक्टिव्ह’, पुन्हा ‘डीअॅक्टिव्हेटेड’. टीईआय मिळायचा, जायचा, नवा मिळायचा. अडॅप्टर काढला की सगळं सुरळीत. राउटर काढून एकटा अडॅप्टर ठेवला तरीही सुरळीत. जो तो म्हणू लागला की अडॅप्टरच बिघडलेला आहे. पण बिघडलेलं उपकरण एकटं असताना नीट का चालेल?

या कोड्याचं उत्तर एस/टी बसच्या रचनेत आहे, आणि आयएसडीएनमधला हा भाग मला सगळ्यात आवडतो. बसच्या चार तारा आरजे-४५ सॉकेटात ३, ४, ५, ६ या पिनांवर येतात. ३ आणि ६ वर उपकरण बोलतं, ४ आणि ५ वर ऐकतं. ४८ बिटांची एक चौकट २५० मायक्रोसेकंदांत जाते. या बसवर आठपर्यंत उपकरणं एकाच जोडीवर बोलतात, म्हणून बोलण्याचे नियम कडक आहेत. १ म्हणजे तारेवर शांतता, ० म्हणजे एक धक्का, आणि धक्के एकदा धन, एकदा ऋण असे आळीपाळीनं. डी चॅनेलवर उपकरणानं पाठवलेला प्रत्येक बिट एनटी१ परतीच्या वाटेवर तसाच ऐकवतो. आपण पाठवलं एक आणि परत आलं दुसरं, तर दुसरं कुणी बोलतंय हे ओळखून उपकरण तिथल्या तिथे गप्प होतं, आणि परतीच्या वाटेवर सलग पुरेसे १ दिसेपर्यंत थांबतं. कॉलच्या संदेशांसाठी ही संख्या ८ पासून सुरू होते. त्यामुळे टक्कर होऊनही एकाचा संदेश अखंड पोचतो. मात्र चौकटीच्या सुरुवातीचा बिट सगळी उपकरणं एकाच वेळी पाठवतात आणि तो सगळ्यांचा एकाच दिशेचा असावा लागतो. एका उपकरणाच्या ३ आणि ६ या तारा आपापसांत उलट्या जोडल्या गेल्या, तर त्याचा धन धक्का तारेवर ऋण होऊन येतो. एकटं असताना काही बिघडत नाही, कारण एनटी१ला दोन्ही चालतात. दोघं एकत्र आले की एकाचा धक्का दुसऱ्याचा धक्का पुसून टाकतो, एनटी१ला चौकटीची सुरुवातच सापडत नाही आणि पहिला थर कोसळतो.

म्हणून मी अडॅप्टर हिशेब विभागातून उचलला आणि दुहेरी सॉकेट लावून राउटरशेजारीच जोडला. दोघं एकत्र बिनबोभाट चालले. म्हणजे अडॅप्टर निर्दोष, दोष त्याच्या टेबलाजवळच्या सॉकेटात. झाकण उघडलं तर ३ आणि ६ च्या तारा खरोखरच अदलाबदल झालेल्या होत्या. ऐकण्याच्या जोडीत अशी अदलाबदल झाली असती तर कुणाला कळलंही नसतं, कारण तिथे प्रत्येक उपकरण स्वतःपुरतं ऐकतं. उघडलंच होतं म्हणून बसच्या शेवटच्या सॉकेटातले १०० ओमचे रोधही मोजून घेतले. एनटी१ आणि सगळी उपकरणं काढून ३-६ मध्ये आणि ४-५ मध्ये मीटर लावायचा. रोध नसेल तर मीटर अनंत दाखवतो. छोट्या बसवर रोधाशिवायही कधीकधी चालून जातं, आणि नेमकं तेच वाईट. पुढे तार वाढवली की तोच दोष दुसऱ्याच रूपानं समोर येतो.

आता कॉल. शाखेकडून लावलेला पहिला कॉल लागला. क्यू९३१च्या, म्हणजे कॉलच्या संदेशांच्या, डीबगमध्ये ‘सेटअप’, ‘कॉल प्रोसीडिंग’, ‘कनेक्ट’, ‘कनेक्ट अॅक’ अशी साखळी दिसली की आनंद होतो. सेटअपमध्ये ‘बेअरर कॅपॅबिलिटी’खाली ८८९० दिसलं पाहिजे: ६४ केबीपीएस, शुद्ध डेटा. ८०९० किंवा ९०९०नं सुरू होणारा आकडा दिसला तर तो आवाजाचा कॉल आहे. ‘चॅनेल आयडी’खाली ८९ म्हणजे पहिला बी चॅनेल, ८ए म्हणजे दुसरा. कॉल तुटल्यावर जो ‘कॉज’ येतो तो बऱ्याच जणांना वाचता येत नाही, कारण राउटर तो हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, छापतो. त्यातला दुसरा बाइट घ्यायचा, त्यातून हेक्स ८० वजा करायचे आणि उरलेला हेक्स आकडा दशमानात आणायचा. ८०९० मधला ९० म्हणजे १०, म्हणजे कारण १६: नेहमीप्रमाणे कॉल संपला. ९१ म्हणजे १७, समोरचा व्यग्र. ए२ म्हणजे ३४, रिकामा चॅनेल नाही. बी९ म्हणजे ५७, या लाइनला या प्रकारच्या कॉलची परवानगीच नाही. डेटा सेवा चालू करायची राहून गेली की हा आकडा हमखास दिसतो. डी८ म्हणजे ८८, समोरचं उपकरण या प्रकारचा कॉल घेऊ शकत नाही. एवढे पाठ असले तरी अर्धी तपासणी फोनवरून होते.

उलट दिशेनं, म्हणजे मुख्य कार्यालयाकडून शाखेला येणारा दुपारचा कॉल मात्र कधी चालायचा, कधी नाही. मुख्य कार्यालयात दिसायचं की कॉल जोडला गेला, मग पीपीपीच्या (दोन टोकांत डेटाची जोडणी जुळवणाऱ्या पद्धतीच्या) एलसीपी, म्हणजे सुरुवातीच्या, विनंत्या जात राहिल्या, उत्तर आलं नाही, कॉल तुटला. तिथल्या माणसांचं म्हणणं होतं की पीपीपीत गडबड आहे, दोन्हीकडचे पासवर्ड बदलून बघू. मी त्यांना थांबवलं आणि शाखेच्या राउटरवर डी चॅनेल वाचला. सेटअप आला, राउटरनं ‘कनेक्ट’ पाठवलं, आणि एक्सचेंजकडून ‘रिलीज’ आलं, कारण ९ए. म्हणजे २६: कॉल दुसऱ्याच उपकरणाला दिला गेला.

पॉइंट-टू-मल्टिपॉइंट लाइनवर येणारा सेटअप १२७ या पत्त्यावर, म्हणजे बसवरच्या सगळ्यांना जातो. भर चौकात नाव न घेता हाक मारावी तसं ते आहे. जो आधी ओ देईल त्याच्याशी बोलणं सुरू होतं. एक्सचेंज पहिल्या ‘कनेक्ट’ला ‘कनेक्ट अॅक’ देतं आणि बाकीच्यांना २६ कारण देऊन मोकळं करतं. अडॅप्टरच्या डेटा पोर्टवर आपोआप कॉल घेणं चालू होतं, आणि त्याला कुठला नंबर आपला हे सांगितलेलंच नव्हतं. कधी राउटर जिंकायचा, कधी अडॅप्टर. अडॅप्टर जिंकला की मुख्य कार्यालयाचं पीपीपी एका अशा पोर्टशी बोलू बघायचं ज्याच्या मागे संगणकावर कुठलाच प्रोग्रॅम वाट बघत नव्हता. उपाय म्हणजे एमएसएन. लाइनला मिळालेल्या नंबरांपैकी एक राउटरला, एक अडॅप्टरच्या डेटा पोर्टला, एक फॅक्सला असे वाटून दिले. राउटरवर हे ‘आयएसडीएन आन्सर१’नं होतं. नंबर लिहिताना छापील पूर्ण नंबर लिहू नये. एक्सचेंज ‘कॉल्ड पार्टी नंबर’मध्ये जे अंक पाठवतं तेच लिहावेत, कितीतरी ठिकाणी ते फक्त शेवटचे काही अंक पाठवतं. फॅक्स या भांडणात कधीच नव्हता, कारण ८८९०चा कॉल तो आपला समजतच नाही.

पीपीपीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चॅप या ओळख पटवण्याच्या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्या होस्टनेमच्या नावानं आव्हान पाठवतो आणि समोरचा त्या नावापुढे लिहिलेला पासवर्ड वापरून उत्तर काढतो. म्हणून इथे त्याचं नाव, तिथे याचं नाव, दोन्हीकडे पासवर्ड एकच, आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक नको. कॉल किती वेळानं तुटतो यावरूनही दोष ओळखता येतो. काही सेकंदांतच तुटला तर नावं आणि पासवर्ड पाहावेत. बरोबर १२० सेकंदांनी तुटला तर काही बिघडलेलं नाही, तो राउटरचा ठरलेला आयडल टाइमआउट आहे.

अडॅप्टरचा प्रश्न निराळा होता. कॉल लागायचा, एलसीपीला उत्तर नाही. आता नंबर वाटलेले होते, त्यामुळे २६ नव्हतं. अडॅप्टर संगणकाशी असिंक्रोनस (एकेक बाइट सुटा) बोलतो आणि बी चॅनेल सिंक्रोनस (ठरलेल्या तालावर सलग) असतो, म्हणून मधे कुठलं तरी रूपांतर लागतं. ते व्ही.११०, व्ही.१२० किंवा असिंक्रोनस पीपीपीचं सिंक्रोनस पीपीपी, यांपैकी एक असतं. आमचा अडॅप्टर कारखान्यातून व्ही.१२०वर आला होता, आणि पलीकडचा सर्व्हर सरळ सिंक्रोनस पीपीपीची वाट बघत होता. रूपांतर बदललं आणि पहिल्याच कॉलला जोडणी झाली. यासाठीची एटी आज्ञा प्रत्येक बनावटीत वेगळी असते, ती त्या अडॅप्टरच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.

मग वेगाची तक्रार आली. संगणकाचा सिरियल पोर्ट ५७,६०० वर होता. एका बी चॅनेलवर सेकंदाला ८,००० बाइट येतात. सिरियल पोर्टवर प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ८०,००० बीपीएस. ५७,६००त ते मावणार कसे? पोर्ट १,१५,२०० वर नेला आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जागा नसली की समोरच्याला थांबवण्याची सोय) लावला. सुदैवानं पोर्टवर १६५५०ए चिप होती, तिला १६ बाइटांचा बफर असतो. जुन्या ८२५० चिपवर एवढ्या वेगात बाइट गळतात. दोन्ही बी चॅनेल जोडून १२८ केबीपीएस हवे असतील तर सेकंदाला १६,००० बाइट, म्हणजे १,६०,००० बीपीएस लागतात, आणि १,१५,२०० अपुरा पडतो. ज्यांना खरोखर १२८ हवेत त्यांनी राउटर घ्यावा किंवा संगणकात आत बसणारं कार्ड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अडॅप्टरवर मल्टिलिंक, म्हणजे दोन चॅनेलची एक जोडणी, करताना आणखी एक अडचण येते: दुसऱ्या चॅनेलसाठी चॅपचं आव्हान येतं तेव्हा पासवर्ड संगणकाकडे असतो, अडॅप्टरकडे नाही.

सगळं चालू झालं असं वाटलं, आणि मग रात्रीचे कॉल लक्षात आले. कार्यालय बंद, माणूस नाही, तरी राउटर नंबर फिरवत होता. कॉल मिनिटांवर मोजले जायचे आणि प्रत्येक कॉलला किमान आकारणी असायची, त्यामुळे आयएसडीएनमध्ये मला याहून गंभीर दोष माहीत नाही. बाकीचे दोष काम अडवतात म्हणून लगेच दिसतात, हा मात्र बिल येईपर्यंत दिसत नाही. ‘शो डायलर’ या आज्ञेत शेवटचा कॉल कोणत्या पॅकेटमुळे लागला ते लिहिलेलं असतं: कुठून निघालं, कुठे जायचं होतं. प्रोटोकॉल आणि पोर्टसाठी पॅकेटचा डीबग पाहिला. पोर्ट १३७, यूडीपी. बंद न केलेले विंडोज संगणक एकमेकांची नावं शोधत होते आणि नावांचा सर्व्हर मुख्य कार्यालयात होता. त्याच्या जोडीला राउटर घड्याळ जुळवायला एनटीपी पाठवत होता. राउटरवर रिप (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत) चालू असतं तर गोष्ट आणखी बिघडली असती. ते दर ३० सेकंदांनी बोलतं, १२० सेकंदांचा टाइमआउट कधी पुराच होणार नाही आणि एकदा लागलेला कॉल तुटणारच नाही. म्हणून अशा लाइनवर मी फक्त स्थिर, म्हणजे हाताने लिहिलेले, रूट ठेवते.

डायलर-लिस्टला, म्हणजे कशासाठी कॉल लावायचा ते ठरवणाऱ्या यादीला, एक अॅक्सेस-लिस्ट जोडली: पोर्ट १३७, १३८ आणि एनटीपी वगळा, बाकीच्या आयपीला परवानगी. वगळण्याच्या ओळी आधी, परवानगीची शेवटी. इथे ‘वगळा’ म्हणजे पॅकेट अडवणं नव्हे. त्या पॅकेटमुळे कॉल लागणार नाही आणि टाइमआउटची मोजणी पुन्हा सुरू होणार नाही, एवढंच. कॉल आधीच चालू असेल तर ते पॅकेट जातंच. हा फरक न कळल्यामुळे अनेक जण घाबरून याद्या फार सैल ठेवतात. ईमेलचे प्रोग्रॅम ठरावीक वेळानं डबा तपासायचे, ते खरं काम होतं, त्याला यादीत अडवणं चुकीचं झालं असतं. तिथल्या लोकांशी बोलून तपासण्याचा कालावधी वाढवून घेतला. रात्री कॉल थांबले.

शेवटी दुसरा बी चॅनेल. दुपारी दरपत्रकांची मोठी फाइल आली तरी एकच चॅनेल चालू राहायचा. मल्टिलिंक दोन्हीकडे लावलेलं, डायलरचा लोड-थ्रेशोल्ड १२८, म्हणजे २५५ पैकी जवळपास निम्मा भार झाला की दुसरा चॅनेल उचलायचा. पहिला चॅनेल पूर्ण भरलेला दिसत होता, पण उचलत नव्हता. कारण भार ठरवताना राउटर स्वतःहून फक्त बाहेर जाणारा डेटा मोजतो, आणि शाखेत फाइल आत येत होती. बाहेर जात होत्या त्या नुसत्या पोचपावत्या. थ्रेशोल्डच्या ओळीत ‘आयदर’ जोडलं, दोन्ही दिशा मोजायला सांगितलं, आणि फाइल सुरू झाल्यावर थोड्या वेळात दुसरा चॅनेल वर आला. कधीकधी तो अजूनही येत नसे. तेव्हा कारण १७ किंवा ३४ बघायचं: शाखेतून फॅक्स चालू असेल तर दुसरा चॅनेल त्याच्याकडे असतो, आणि तेच बरोबर आहे.

सगळं मार्गी लागल्यावर एका कागदावर स्विच टाइप, लाइन पॉइंट-टू-मल्टिपॉइंट असल्याची नोंद, कुठला एमएसएन कुठल्या उपकरणाला, रोध कुठल्या सॉकेटात, आणि हेक्स कारणांचं ते छोटं कोष्टक लिहिलं आणि एनटी१च्या शेजारी चिकटवलं. त्यात खाली एक सूचना घातली: या भागातलं एक्सचेंज लाइन रिकामी असताना पहिला थर झोपवतं, म्हणून कॉल नसताना स्टेटसमध्ये ‘डीअॅक्टिव्हेटेड’ दिसलं तर तक्रार नोंदवू नये, आधी एक कॉल लावून पाहावा. पुढे शाखेतल्याच एकानं मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "कारण ए२ येतंय." मी मुख्य कार्यालयाच्या पीआरआयवर पाहिलं, सगळे चॅनेल भरलेले होते.